उजव्या बाजूचा पखवाज

रत्नागिरीत मांडवीला बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर लवू शिवलकरचं चिऱ्याचं घर आहे. पहिल्यांदा आलेल्या माणसाला त्या घराच्या पुढच्या खोलीत जरा चुकल्यासारखं व्हायचं, कारण तिथे बसायला धड जागाच नव्हती. समोरच्या भिंतीशी कमरेइतके उंच दोन लाकडी स्पीकर, त्यांच्यामध्ये फणसाच्या फळ्यांची मांडणी, तिच्यावर ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि सीडी प्लेअर, आणि या सगळ्याकडे तोंड करून खोलीच्या मधोमध एकच वेताची खुर्ची. मागच्या भिंतीवर मालनच्या माहेरच्या गोधड्या टांगलेल्या. त्या वाळत घातल्यात असंच लोकांना वाटे. चिऱ्याची भिंत आवाज परत फेकते आणि गोधडी तो गिळते, हे लवू प्रत्येकाला समजावून सांगे. ऐकणारा मान डोलवायचा आणि पडवीत जाऊन बसायचा.

लवू मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिशियन होता. वर्षातले कितीतरी महिने समुद्रावर, मग रजेला घरी. बरोबरचे खलाशी परदेशातून साबण, सेंट, साड्या आणत. लवूने ही यंत्रं एकेक करून आणली. ॲम्प्लिफायर जपानहून आला, स्पीकर सिंगापूरहून. स्पीकर त्याने केबिनमध्ये आपल्या बिछान्याला दोरीने बांधले होते आणि स्वतः सगळी सफर खाली जमिनीवर झोपून काढली, असं मालन अजून सांगते.

त्याचे वडील भागोजी दिवसा बंदरावर ओझी वाहायचे आणि संध्याकाळी मांडवीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एका रजेत लवूने दोन चांगले मायक्रोफोन आणले, ते घराच्या वाशाला टांगले आणि मंडळाला बोलावलं. बुवा मध्ये बसले, पेटीवाला डावीकडे, आणि उजवीकडे खिडकीखाली भागोजी. मध्येच एकदा भागोजींनी सूर जुळवायला पखवाजाला कणीक लावायची म्हणून हात थांबवला आणि कुणाकडे तरी पाणी मागितलं. तेही टेपवर आलं. पुढच्याच सफरीत, जहाज भर समुद्रात असताना, वडील गेल्याचा निरोप लवूला मिळाला. तो घरी पोचला तेव्हा सगळे विधी उरकून माणसं आपापल्या कामाला लागली होती. भागोजींचे फोटो होते, पण सगळ्यांत ते ओठ घट्ट मिटून, कुणीतरी दटावल्यासारखे उभे. जिवंत म्हणावे असे ते त्या कॅसेटमध्येच राहिले होते.

निवृत्त झाल्यावर लवूचा दुपारनंतरचा वेळ त्या खुर्चीत जायचा. डोळे मिटले की बुवा समोर, पेटी डावीकडे आणि वडील उजवीकडे, खिडकीखाली, मांडी घालून बसल्यावर हात जेवढे वर येतात तेवढ्या उंचीवर. माणूस जिथे बसला होता तिथेच तो बसलेला ऐकू यावा, यासाठी त्याने स्पीकर बोटबोटभर पुढे-मागे सरकवत एक अख्खा उन्हाळा घालवला होता. जागा सापडल्यावर त्याने लादीवर खडूने खुणा केल्या आणि मालनला सांगितलं की लादी पुसताना तेवढं सांभाळ. मालनने त्या खुणा सांभाळल्या. स्वयंपाकघरात तिचं काम चालू असे, इकडे दार लोटलेलं असे.

समुद्राशेजारी अशी यंत्रं पाळणं म्हणजे आजारी माणूस सांभाळण्यासारखंच. खारी हवा सगळीकडे शिरते. पितळेच्या पिना काळ्या पडतात, बटणं फिरवली की खरखरतात, स्पीकरच्या पडद्याच्या कडेच्या फोमचं कुजून पीठ होतं. या सगळ्यात लवूला साथ होती ती नासिर फणसोपकरची. नासिर त्याच्याच शाळेतला, बरीच वर्षं कुवेतमध्ये एका ध्वनियंत्रांच्या दुकानात दुरुस्तीला होता, आणि परत आल्यावर त्याने बाजारपेठेत छोटं दुकान टाकलं होतं. स्पीकरचे फोम त्यानेच बदलले. भागोजींची कॅसेट झिजायला लागली तेव्हा ती कॉम्प्युटरवर उतरवून देणाराही तोच. एकदा दोन्ही स्पीकरमधून सतत घुमल्यासारखा आवाज यायला लागला, तेव्हा दोघांनी मिळून तारा बदलल्या, प्लग बदलले, फ्रीज बंद करून पाहिला. शेवटी नासिरने घराचं अर्थिंग तपासलं. जांभा कातळ पाणी धरत नाही, त्यामुळे जमिनीत गाडलेली पट्टी कोरडी पडली होती. मग परसात पहार घेऊन खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि जाडं मीठ भरलं. तेव्हापासून उन्हाळ्यात लवू माडांना पाणी घालताना एक बादली त्या खड्ड्यात ओततो. घुमणं गेलं ते गेलंच.

त्यामुळे उजवी बाजू कमी यायला लागली तेव्हा लवूला काळजी वाटली नाही. बिघाड म्हटला की तो शोधायचा असतो, एवढंच त्याला माहीत होतं.

सुरुवात पखवाजापासून झाली. एका दुपारी त्याला वाटलं, वडील खिडकीखालून जरा आत सरकलेत. थाप होती, पण तिची धार गेली होती. कुणीतरी पखवाजावर पंचा टाकावा तसं. शिवाय कुठून तरी बारीक शिटी येत होती, डासासारखी, थांबता थांबत नव्हती. त्याने ॲम्प्लिफायर उघडून बटणांचे सांधे साफ केले. मग उजवी तार डाव्या स्पीकरला लावली आणि डावी उजव्याला. दोष ॲम्प्लिफायरमध्ये असता तर तो आता डावीकडे यायला हवा होता. तो उजवीकडेच राहिला. म्हणजे स्पीकर. त्याने कंबर सांभाळत दोन्ही स्पीकरांच्या जागांची अदलाबदल केली. दोष तरीही उजवीकडेच. म्हणजे खोली. त्याने उजव्या भिंतीजवळचं कपाट हलवलं, एक गोधडी काढली, दुसरी लावली, खिडकीला जाड पडदा टाकला. वडील दिवसेंदिवस लांब चालले होते.

त्यातच एकदा लाईट गेली. पंखा थांबला, फ्रीज थांबला, ॲम्प्लिफायरचा दिवा विझला. खोली एकदम चिडीचूप झाली आणि त्या शांततेत ती बारीक शिटी मात्र तशीच वाजत राहिली. लवू खुर्चीत बसून ऐकत राहिला. सकाळी बंदरावर फिरताना कानात वारा शिरला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. आयुष्यभर यंत्रांचे दोष काढलेल्या माणसाने तेवढ्यावर समाधान मानलं, याचं त्याला पुढे नवल वाटायचं.

मग त्याने नासिरला बोलावलं. नासिर दुकान बंद करून दुपारचा आला, खुर्चीत बसला आणि बराच वेळ ऐकत राहिला. त्याने मीटर लावून दोन्ही बाजू मोजल्या. पुन्हा बसला. लवू शेजारी उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"मला दोन्हीकडं सारखाच येतो," नासिर म्हणाला.

लवू वैतागला. एवढा ढळढळीत फरक तुला कळत नसेल तर दुकान कशाला चालवतोस, असं काहीबाही बोलला. नासिरने वाद घातला नाही. तो उठला आणि लवूला खुर्चीत बसवलं. थोडा वेळ तो मीटरची वायर बोटाला गुंडाळत उभा राहिला.

"लवू, आता स्पीकरकडं पाठ करून बस बघू."

लवूने खुर्ची फिरवली. समोर गोधड्या, मागे स्पीकर.

"आता कुठला कमी येतो?"

लवूने डोळे मिटून ऐकलं. उजवा स्पीकर आता त्याच्या डाव्या हाताला होता. भागोजींचा पखवाज तिथून कोरीव, टणक, अगदी पूर्वीसारखा येत होता. विझली होती ती पेटी. दोष खोलीभर फिरून पुन्हा त्याच्या उजव्या हाताला येऊन बसला होता. नासिरने पुन्हा विचारलं नाही. तो पुढे गेला, हळूहळू आवाज खाली घेतला आणि यंत्र बंद केलं. मग मालनने चहा आणला. नासिर तो नेहमीसारखा बशीत ओतून प्यायला, पण जाताना पायऱ्यांवर थांबून मालनला म्हणाला, की वहिनी, याला कानाच्या डॉक्टरकडे न्या, आणि उशीर करू नका.

फोन लवू कायम डाव्या कानाला लावायचा. चारचौघांत बोलताना मालन हल्ली दोनदा सांगायची, तेव्हा तो तिलाच पुटपुटू नको म्हणायचा. हे सगळं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आठवायला लागलं. रत्नागिरीतच कानाची तपासणी झाली, मग डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. ऐकण्याच्या नसेवर गाठ होती. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगत होते. गाठ कॅन्सरची नव्हे, पण ती मेंदूच्या कडेला टेकायला आली आहे, तेव्हा काढायलाच हवी. लवूने एकच प्रश्न विचारला, की काढल्यावर ऐकू येईल का. डॉक्टर म्हणाले, त्या कानाने नाही. आता जे थोडं येतंय, तेही ऑपरेशनमध्ये जाईल.

लवू समजुतीच्या माणसासारखा मान हलवून उठला. घरी येईपर्यंत रिक्षात तो मालनशी गाठीबद्दल अवाक्षर बोलला नाही. भाट्याच्या बाजूला सुरमई चांगली आली असेल, एवढंच म्हणाला.

मुलगी मृणाली ठाण्याला असते. तिने मुंबईत सगळी सोय केली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मालन बॅग भरत होती. बाहेरच्या खोलीतून पखवाजाचा आवाज यायला लागला, आणि तो नेहमीपेक्षा फार मोठा होता. शेजाऱ्यांना त्रास होईल असा आवाज लवू कधी लावत नसे. तिने दार ढकलून पाहिलं. लवू खुर्चीत बसला होता. त्याने डाव्या कानात कापूस कोंबला होता आणि वर तळहात घट्ट दाबून धरला होता. उजवा कान त्याने स्पीकरकडे केला होता, आजारी माणसाच्या तोंडाशी आपण कान नेतो तसा.

मालन उंबऱ्यातच थांबली. कणीक लावायची जागा आली, पखवाज थांबला, आणि भागोजींनी पाणी मागितलं. लवूचे ओठ हलले. रेकॉर्डिंग संपल्यावर त्याने हात खाली घेतला, कापूस काढला. तेव्हा त्याला ती दिसली.

"येतं काय?" तिने विचारलं.

"येतं," तो म्हणाला. "पाण्याखालून आल्यासारखं. पण बाबाच आहेत."

ऑपरेशन नीट झालं. महिनाभराने लवू घरी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू थोडी ओघळलेली होती आणि चालताना तोल जात होता. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून सकाळी मालन त्याला मांडवीच्या वाळूत घेऊन जायची. त्याच्या कुठल्या बाजूने चालायचं हेही तिला शिकावं लागलं. उजवीकडून बोललेलं त्याला ऐकूच यायचं नाही, आणि ती बोलतेय हे त्याला समजायचं नाही. आवाज कुठून आला हेही आता कळत नसे. मालनने परसातून हाक मारली तर तो रस्त्याकडे बघायचा. एकदा मोटरसायकल मागून येत होती आणि तो तिच्याकडेच सरकला. मालनने शर्टाला धरून त्याला ओढलं. त्या दिवसानंतर तो बाहेर फारसा बोलेनासा झाला.

पुढच्या खोलीतल्या यंत्रांवर त्याने जुनी चादर टाकली होती. एकदाच, परत आल्यावर लगेच, त्याने कुठलीशी साधी सीडी लावून पाहिली होती. सगळं एका कोपऱ्यात गोळा झालेलं. माणसं, वाद्यं, सगळी एकमेकांच्या अंगावर बसलेली. खोलीच उरली नव्हती. त्याने यंत्र बंद केलं. वडिलांचं रेकॉर्डिंग लावायचं त्याचं धाडस झालं नाही. नासिर भेटायला यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा. एकदा त्याने चादरीखाली हात घालून पाहिला आणि म्हणाला, की या हवेत यंत्र बंद ठेवलंस तर वर्षात मरेल, रोज थोडा वेळ तरी गरम व्हायला हवं. लवू म्हणाला, मरू दे. विकून टाक, नायतर तुझ्या दुकानात ने. नासिरने चादर पुन्हा सारखी केली. मालन आत मासे साफ करत होती. तिने हे ऐकलं.

काही दिवसांनी लवू केस कापायला एकटाच गेला होता. मालनला बरोबर येऊ नको म्हणाला, तोलही आता बराच सावरला होता. न्हाव्याकडे गर्दी होती म्हणून तो तसाच परत फिरला. पायऱ्या चढून दारात आला, चप्पल काढली आणि थबकला. चादर घडी करून बाजूला ठेवलेली होती. ॲम्प्लिफायरचा दिवा लागला होता. एका बाईचं गाणं अगदी हळू आवाजात चालू होतं आणि वेताच्या खुर्चीत मालन बसली होती, पाय लादीवर जुळवून, हात मांडीवर ठेवून, परक्याच्या घरी बसावं तशी.

तिला चाहूल लागली आणि ती ताडकन उठली. पदर सावरत म्हणाली, नासिरभाई म्हणाले होते ना रोज लावायला हवं, म्हणून लावते, तुम्ही बाहेर गेलात की लावते, बटण एवढंच मला ठाऊक आहे, दुसऱ्या कशाला हात लावत नाही.

लवू दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. ती उठली ते त्याला लागलं. चोरी पकडल्यासारखी ती आपल्याच घरातल्या खुर्चीवरून उठली होती. इतक्या वर्षांत ती त्या खुर्चीत बसलेली त्याने पाहिली नव्हती, आणि ती बसत का नाही हा प्रश्न त्याला कधी पडलाही नव्हता. एवढी मोठी खटपट करून त्याने खोलीत एकच जागा अशी केली होती की जिथे सगळं नीट ऐकू येईल, आणि ती जागा एका माणसापुरती होती. मालनने जे ऐकलं ते भिंतीआडून, कुकरच्या आणि नळाच्या आवाजातून.

"बस," तो म्हणाला.

ती उभीच.

"बस गो. कशाला उठलीस?"

ती बसली. लवूने आतून स्टूल आणलं आणि तिच्या उजव्या हाताला ठेवलं, म्हणजे त्याचा चांगला कान तिच्याकडे राहील. गाणं चालू होतं. त्याला ते सगळं एकाच ठिकाणाहून येत होतं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, की तुला तबला कुठून येतो.

मालनने विचार केला. मग तिने बोट दाखवलं. "तिकडून. खिडकी आणि कपाटाच्या मध्ये. जरा मागे बसलाय तो."

"आणि बाई?"

"ती मध्ये. पण नेमकी मध्ये नाय. जरा माझ्याकडं... म्हणजे डावीकडं. आणि तिच्या मागे कोणतरी बसलाय तंबोरा घेऊन."

लवू ती सीडी कितीतरी वर्षं ऐकत होता. बाई मध्यभागी नाही हे त्याच्याखेरीज फक्त नासिरने ओळखलं होतं. तो मालनकडे बघत राहिला. ती मान किंचित कलती करून समोर बघत होती, आणि मग तिने, कुणी न सांगता, डोळे मिटले.

तेव्हापासून दुपारी जेवणं आटोपली की यंत्र लागतं. खुर्चीत मालन असते, स्टुलावर लवू. पुढे स्टुलाच्या जागी पाठ टेकता येईल अशी एक लाकडी खुर्ची आली. नासिरने एक साधं बटण बसवून दिलं आहे. ते दाबलं की दोन्ही बाजूंचं सगळं एकत्र होऊन दोन्ही स्पीकरमधून येतं, म्हणजे लवूचं काही सुटत नाही. पण मालन ऐकत असली की लवू ते बटण दाबत नाही. कुठलं वाद्य कुठे बसलंय ते ती त्याला सांगते, कधी चुकतेही. तो दुरुस्त करत नाही. अदलाबदल केलेले स्पीकर त्यांच्या मूळ जागी परत नेताना तिनेच पुढे-मागे करून घेतले, कारण ऐकणारी ती होती. खडूच्या खुणांपेक्षा ते आता थोडे जवळ आले आहेत. तिचं म्हणणं, पूर्वी मध्ये पोकळी राहत होती. लवूला ते तपासून बघता येत नाही. त्याने ते मान्य केलं आहे.

भागोजींचं रेकॉर्डिंग एकदा मालननेच काढायला सांगितलं. सासरे कुठे बसलेत ते तिने न विचारता सांगितलं आणि म्हणाली, हात किती मोकळा होता हो त्यांचा, मला कधी कळलंच नाही, मी तेव्हा सगळ्यांचा चहा करत होते. लवूचा चेहरा अजून एका बाजूने पुरता हलत नाही, त्यामुळे तो रडतो की नाही हे नीट कळत नाही.

आजकाल मालनला ऐकता ऐकता झोप लागते. पहाटेपासून राबलेली असते. परवाही तसंच झालं. बोलता बोलता तिचा आवाज थांबला आणि हात खुर्चीच्या दांडीवरून खाली लोंबायला लागला. लवू उठला. यंत्र एकदम बंद केलं तर शांततेनेच तिची झोपमोड होते, हे त्याला एव्हाना कळलं आहे. त्याने बटणावर बोटं ठेवली आणि आवाज अगदी सावकाश, केसाकेसाने खाली आणत नेला. किती खाली आलाय हे त्याला एका कानाने नक्की कळत नव्हतं, म्हणून तो बटणाकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत होता.